बांधकामाचा हिशेब आणि संगणक



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सगळ्यांनीच घरात ऐकलेली आहे. या दोन्ही कामांत एक गोष्ट सारखी असते. सुरुवातीला मनात एक आकडा धरलेला असतो. मांडव उतरल्यावर किंवा वास्तुशांत झाल्यावर सगळी बिले एकत्र येतात, आणि तो आकडा केव्हाच मागे पडला हे तेव्हा कळते. नेमका केव्हा मागे पडला, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या शाळेनेही हा अनुभव घेतला आहे. मागे वरचा मजला चढवला तेव्हा काम चांगले झाले. आजही त्या वर्गांत मुले बसतात. पण शेवटची बिले चुकती करताना प्रयोगशाळेच्या टेबलांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम वापरावी लागली आणि टेबले यायला पुढे चार वर्षे गेली. त्या चार वर्षांतल्या मुलांनी बरेचसे प्रयोग उभ्याने, पाळीपाळीने पाहिले. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. ठेकेदाराने फसवले असेही नव्हते. रोजकीर्द चोख होती आणि लेखापरीक्षकांनी एकही शेरा मारला नव्हता. हिशेब बरोबर होता, पण तो उशिरा कळत होता, एवढीच चूक होती.

आता नव्या चार वर्गखोल्यांचा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. गेल्या पालकसभेत एका पालकांनी विचारले, "आमच्या कंपनीत सगळा खर्च सॅपमध्ये दिसतो. शाळेच्या बांधकामाला तसे काही करता येणार नाही का?" प्रश्न रास्त होता. त्यावर आम्ही इमारत समितीच्या मंडळींनी थोडे वाचन केले, या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांशी बोललो, आणि जे समजले ते विद्यार्थी, पालक व विश्वस्त या तिघांनाही कळेल अशा भाषेत येथे मांडत आहोत.

सॅप म्हणजे काय, ईआरपी म्हणजे काय?

वडोदऱ्यात रिफायनरी, खत कारखाना, यंत्रे बनवणारे कारखाने पुष्कळ. त्यामुळे "आज सॅप बंद होते, म्हणून उशीर झाला" हे वाक्य आपल्या बऱ्याच मुलांनी वडिलांच्या किंवा आईच्या तोंडून ऐकलेले असते. हे सॅप म्हणजे मूळ एका जर्मन कंपनीचे नाव. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली ती सुरू केली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते आयसीआय कंपनीचा जर्मनीतला नायलॉनचा कारखाना. त्यांची कल्पना अशी, की खरेदी, कोठार, पगार, हिशेब या प्रत्येक खात्याची वेगळी वही नको. नोंद एकदाच व्हावी आणि ती सर्वांना लगेच दिसावी. अशा सर्व खात्यांना एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला १९९० पासून ईआरपी हे नाव पडले. सॅपप्रमाणेच ओरॅकल आणि इतर कंपन्यांचीही अशी सॉफ्टवेअर आहेत. बांधकामाचे वेळापत्रक आखण्यासाठी जगभर वापरले जाणारे प्रायमाव्हेरा हे सॉफ्टवेअर १९८३ पासूनचे. २००८ साली ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली.

कारखाना आणि बांधकाम यांत एक मोठा फरक आहे. कारखान्यात तीच वस्तू रोज बनते, म्हणून आजची चूक उद्या सुधारता येते. इमारत एकदाच बांधली जाते. पायात जास्त गेलेले पैसे पुढच्या पायात वाचवू म्हणता येत नाही, कारण पुढचा पाया नसतोच. म्हणून बांधकामात हिशेब वेळेवर कळणे हे कारखान्यापेक्षाही जास्त महत्त्वाचे.

पहिली पायरी : अंदाजपत्रक फोडून मांडणे

अशा सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत आधी कामाचे झाड काढतात. पूर्ण इमारत हे खोड. पाया, सांगाडा, विटकाम या फांद्या. आणि प्रत्येक फांदीला बारीक डहाळ्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६० नंतरच्या दशकात मोठ्या कामांसाठी ही पद्धत रूढ केली. प्रत्येक फांदीला एक क्रमांक देतात आणि पुढे होणारा प्रत्येक खर्च कोणत्या ना कोणत्या क्रमांकावरच पडतो. 'किरकोळ' नावाची पिशवी ठेवत नाहीत.

समजा, चार खोल्या, जिना आणि स्वच्छतागृह असे काम आहे आणि अंदाजपत्रक ६०,००,००० रुपयांचे आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, आपल्या प्रस्तावातले नव्हेत.

पाया व प्लिंथ : ९,००,०००
आरसीसी सांगाडा (कॉलम, बीम, स्लॅब) : २१,००,०००
विटकाम व गिलावा : १०,००,०००
फरशी, दारे, खिडक्या : ८,००,०००
वीज व नळकाम : ६,००,०००
रंग व इतर : ३,००,०००
अनपेक्षित खर्चासाठी राखीव : ३,००,०००

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. जमीन खोदल्यावर काळी माती जास्त खोल लागली, पाऊस लांबला, भाव चढले, अशा गोष्टींसाठी ती असते. ही रक्कम दुसऱ्या शीर्षात वळवायची तर त्यासाठी मंजुरी लागते आणि ती कोणी, कधी दिली याची नोंद राहते. नाहीतर राखीव रक्कम ही पहिल्या महिन्यातच संपणारी रक्कम होते.

खर्च नक्की केव्हा होतो?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही. आपल्याला वाटते की चेक फाडला म्हणजे खर्च झाला. खरे पाहता खर्च त्याआधीच झालेला असतो. ज्या दिवशी आपण सळईच्या व्यापाऱ्याला ऑर्डर देतो, त्याच दिवशी ते पैसे आपले उरत नाहीत. ते बँकेत दिसतात, पण त्यांच्यावर दुसऱ्याचे नाव लागलेले असते.

रोजकीर्दीत हे नाव दिसत नाही. ईआरपीत मात्र दिसते. तेथे प्रत्येक शीर्षापुढे निदान चार आकडे असतात : मंजूर रक्कम, शब्द दिलेली रक्कम, झालेला खर्च, आणि काम पुरे व्हायला अजून लागणारी रक्कम. 'शब्द दिलेली' म्हणजे ऑर्डर गेली आहे पण बिल अजून आलेले नाही अशी.

वरच्या उदाहरणातला आरसीसी सांगाडा घेऊ. मंजूर २१,००,०००. आजवर दिले ९,००,०००. रोजकीर्द पाहणारा म्हणेल, "अजून १२ लाख शिल्लक आहेत, चिंता नको." आता बाकीचे आकडे पाहा. सळई आणि तयार काँक्रीटच्या १०,५०,००० रुपयांच्या ऑर्डरी गेलेल्या आहेत. जिन्याची आणि पाण्याच्या टाकीखालची कामे अजून ऑर्डरीतच आलेली नाहीत. त्यांना आणखी ४,००,००० लागतील. बेरीज करा : ९ अधिक साडेदहा अधिक ४, म्हणजे २३,५०,०००. मंजुरीपेक्षा अडीच लाख जास्त!

एकच दिवस, एकच काम. एका वहीत बारा लाख शिल्लक आणि दुसऱ्या वहीत अडीच लाख तूट. दोन्ही वह्या खऱ्याच आहेत, फरक पाहण्याचा आहे. मागच्या वेळी आम्ही पहिली वही पाहत होतो.

तूट आज कळली तर उपाय असतो. जिन्याचा कठडा साधा करता येतो, टाकी पुढच्या वर्षावर ढकलता येते, देणगीदारांना आधीच सांगता येते. हीच तूट शेवटच्या बिलात कळली तर उरतो तो एकच उपाय : दुसऱ्या कशासाठी तरी ठेवलेले पैसे काढणे. प्रयोगशाळेच्या टेबलांचे तसेच झाले.

सॅपमध्ये यासाठी एक पहारेकरीही बसवता येतो. शीर्षाची रक्कम, समजा, ९० टक्के वापरली गेली की तो सूचना देतो. १०० टक्के झाली की नवी ऑर्डर अडवतो. मग ज्याला अधिकार आहे त्यालाच रक्कम वाढवावी लागते, तीही आपल्या नावाने. साहेब रागावले तरी संगणक ऐकत नाही, हा त्याचा एक गुणच म्हणायचा.

अनामत आणि आगाऊ रक्कम

रोजकीर्दीवर विसंबून राहिल्यास आणखी दोन ठिकाणी फसगत होते. ठेकेदाराच्या प्रत्येक चालू बिलातून काही टक्के अनामत म्हणून कापून ठेवतात. काम नीट झाल्यावर, ठरलेल्या मुदतीनंतर ती परत करायची असते. २,००,००० च्या बिलातून ५ टक्के कापले तर आपण १,९०,००० देतो. वहीत १,९०,००० पडतात, पण खर्च दोन लाखांचाच झालेला असतो. उरलेले १०,००० आपल्याकडे असले तरी ते ठेकेदाराचे. अशी दहा-बारा बिले झाली की लाखभर रुपये आपलेच आहेत असे वाटू लागते.

आगाऊ रकमेचे याच्या उलट असते. काम सुरू होताना दिलेले पैसे म्हणजे खर्च नव्हे. ते पुढच्या बिलांतून वळते व्हायचे असतात. ते वळते करायचे राहून गेले, तर त्याच कामाचे पैसे दोनदा जातात. सॉफ्टवेअर या दोन्ही रकमा वेगळ्या खात्यात धरून ठेवते आणि प्रत्येक बिलाच्या वेळी आठवण देते.

तीन कागदांची गाठ

कोठारातली शिस्त हा पुढचा भाग. माल घेताना तीन कागद होतात. पहिला आपली ऑर्डर, दुसरा साइटवर माल उतरला त्याची आवक-नोंद, तिसरा व्यापाऱ्याचे बिल. समजा, ऑर्डर २०० गोण्या सिमेंटची होती. ट्रकमधून उतरल्या १९०. बिल आले २०० चे. आवक-नोंद करणारा साइटवर, बिल देणारा कार्यालयात, आणि मध्ये पंधरा दिवस गेलेले. अशा वेळी दहा गोण्यांचे पैसे सहज निसटतात, तेही कोणाचा वाईट हेतू नसताना.

ईआरपीत हे तिन्ही कागद एकमेकांना बांधलेले असतात. संख्या किंवा भाव जुळला नाही, तर बिल पुढे सरकत नाही. पण येथे एक अट आहे. १९० गोण्या उतरल्या तर १९० च लिहिणारा माणूस साइटवर हवा. ट्रकवाला घाईत आहे म्हणून न मोजता २०० लिहिले, तर लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर त्या २०० वर विश्वास ठेवणार. संगणकाला डोळे नसतात, ते आपलेच असतात.

सिमेंटच्या सात गोण्या

आता विद्यार्थ्यांना आवडेल असा भाग. वस्तू आली, तिचे पैसे दिले, पण ती वापरली कुठे? यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक कामाचा 'असायला हवा' तो खप आणि झालेला खप शेजारी मांडते.

एका वर्गखोलीचा स्लॅब घ्या. लांबी ७.५ मीटर, रुंदी ६ मीटर, जाडी १२.५ सेंटिमीटर, म्हणजे ०.१२५ मीटर. गुणाकार केला की ५.६२५ घनमीटर काँक्रीट येते. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी या जुन्या प्रमाणाने एका घनमीटरला सुमारे आठ गोण्या सिमेंट लागते. म्हणजे ५.६२५ गुणिले ८, बरोबर ४५ गोण्या. बीमचे काँक्रीट वेगळे मोजायचे.

समजा, त्या दिवशी कोठारातून ५२ गोण्या गेल्याची नोंद आहे. सात गोण्या कुठे गेल्या? लगेच चोरीचा संशय घेऊ नये. काही सिमेंट ओल लागून गोळे झाले असेल, काही बीममध्ये गेले असेल. आणखी एक कारण नेहमी निसटते. सेंटरिंगच्या फळ्या मध्ये वाकल्या आणि स्लॅब १२.५ ऐवजी सरासरी १४ सेंटिमीटर जाड भरला गेला, तर काँक्रीट ६.३ घनमीटर होते आणि सिमेंट लागते ५० गोण्यांहून थोडे अधिक. दीड सेंटिमीटरच्या चुकीत पाच गोण्या गेल्या! शिवाय तेवढ्या प्रमाणात आपली ओरसंगची रेती, खडी आणि मजुरीही वाढली, स्लॅबचे वजन वाढले ते निराळेच.

हे त्याच आठवड्यात कळले, तर पुढच्या तीन खोल्यांचे सेंटरिंग नीट करून घेता येते. वर्षअखेरीस कळले तर ती फक्त माहिती. सळईचेही असेच. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मिलिमीटरच्या सळईला १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. साइटवरचा अनुभवी मुकादम हे तोंडी करतो. सॉफ्टवेअर तेच करते, फक्त प्रत्येक सळईसाठी, आणि न थकता.

काम किती, पैसे किती?

"अर्धे पैसे गेले" म्हटले की आपण समजतो, अर्धे काम झाले. हा समज सर्वांत महाग पडतो. खर्चाची तुलना वेळेशी किंवा नुसत्या अंदाजपत्रकाशी करायची नसते, ती झालेल्या कामाच्या मोलाशी करायची असते.

विटकाम व गिलाव्याला १०,००,००० धरले होते. मोजमाप वहीप्रमाणे ३० टक्के काम झाले. म्हणजे ३,००,००० मोलाचे काम झाले. खर्च मात्र ३,७५,००० झाला आहे. तीन भागिले पावणेचार, उत्तर ०.८. याचा अर्थ प्रत्येक रुपयामागे आपल्याला ८० पैशांचे काम मिळते आहे. हाच वेग राहिला तर पूर्ण कामाला १० भागिले ०.८, म्हणजे साडेबारा लाख लागतील. ३० टक्क्यांवर असतानाच १०० टक्क्यांवरची तूट दिसली.

यासाठी मोजमाप खरे हवे. 'भिंती जवळजवळ झाल्या' हे मोजमाप नव्हे. टेप लावून, लांबी-रुंदी लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन केलेले तेच मोजमाप.

भाव आणि कर बदलले तर?

सगळेच आपल्या हातात नसते. सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. गोणीचा करापूर्वीचा भाव ३०० रुपये धरला, तर पूर्वी ३८४ पडत होते, आता ३५४ पडतात. या वेळी बदल आपल्या फायद्याचा झाला. दर वेळी होईलच असे नाही. सॉफ्टवेअरमध्ये मूळ अंदाजपत्रक पुसत नाहीत. ते तसेच ठेवून शेजारी सुधारित अंदाजपत्रक मांडतात आणि फरक कशामुळे पडला ते लिहितात : भाव बदलला, काम वाढले, की नासाडी झाली. तिन्हींचे उपाय वेगळे असतात, म्हणून तिन्हींच्या नोंदी वेगळ्या.

एडिंबरोचा धडा

साधने असली म्हणजे सगळे ठीक होते असा आमचा दावा नाही. परदेशातले एक गाजलेले उदाहरण पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या संसदेसाठी एडिंबरो शहरात होलीरूड येथे नवी इमारत बांधायची ठरली. १९९७ साली सरकारी कागदात खर्च १ कोटी ते ४ कोटी पौंड असा दिला होता. स्पेनचे एन्रिक मिराय्येस यांचे रेखाटन १९९८ साली निवडले गेले. इमारत २००१ मध्ये पुरी व्हायची होती. उद्घाटन झाले ऑक्टोबर २००४ मध्ये. शेवटी खर्च भरला ४१ कोटी ४० लाख पौंडांच्या आसपास.

तेथे संगणक नव्हते काय? होते. खर्चाचे तज्ज्ञ सल्लागारही होते. मग झाले काय? चौकशीसाठी लॉर्ड फ्रेझर यांना नेमले होते. त्यांचा अहवाल सप्टेंबर २००४ मध्ये आला. त्या कामासाठी निवडलेल्या कंत्राट-पद्धतीत खर्चवाढीचा जवळजवळ सारा धोका मालकावर, म्हणजे जनतेवर येत होता. रेखाटन पुरे होण्याआधीच कामाचे एकेक भाग देण्यात आले. इमारतीचे क्षेत्रफळ वाढत गेले. आणि सल्लागारांनी धोक्यांसाठी धरलेली रक्कम मंत्र्यांपुढे गेलेल्या आकड्यांत नव्हती. म्हणजे खरा आकडा कोणाच्या तरी टेबलावर होता, पण निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर नव्हता.

ती इमारत आज उभी आहे, वापरात आहे, तिच्या रचनेला मोठे पुरस्कारही मिळाले. पण पैशाचा धडा स्पष्ट आहे. आकडा तयार असणे आणि तो योग्य माणसापर्यंत वेळेवर पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम संगणक करतो. दुसरे माणसांनी करायचे असते, आणि त्यासाठी अप्रिय आकडा सांगण्याचे धैर्य लागते.

मग आपल्या शाळेला काय जमेल?

मोठ्या बांधकाम कंपनीच्या एकाच वेळी पन्नास साइट चालू असतात. तिला सॅप किंवा ओरॅकल लागते आणि परवडते. चार खोल्यांसाठी ते घेणे म्हणजे पाव किलो साखर आणायला ट्रक काढण्यासारखे. त्याचा परवाना, ते बसवून देणारे तज्ज्ञ आणि शिकवणी यांतच एखादी खोली उभी राहील.

पण पद्धत उचलायला परवाना लागत नाही. शाळेच्या कार्यालयात टॅली आहेच. त्यात कामाच्या प्रत्येक शीर्षाचे स्वतंत्र खर्चकेंद्र करता येते आणि खरेदीच्या ऑर्डरीही नोंदवता येतात. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे, त्याला परवाना-शुल्क नाही. मात्र ते चालवायला जाणकार माणूस हवा. आणि हे काहीच जमले नाही, तर एक्सेलचा एक तक्ताही पुरे. तक्त्यात स्तंभ पाच : मंजूर रक्कम, शब्द दिलेली रक्कम, झालेला खर्च, अजून लागणारी रक्कम, आणि फरक.

विश्वस्त मंडळाकडे आम्ही पुढील नियम मांडत आहोत. त्यांवर पालकांनीही मत द्यावे.

१) रेखाटने आणि मोजमापांसह अंदाजपत्रक पुरे झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

२) तोंडी ऑर्डर नाही. साइटवरून फोन आला तरी त्याच दिवशी तक्त्यात नोंद, आणि नोंद झाल्याशिवाय माल उतरवायचा नाही.

३) कामात बदल सुचवणारा कोणीही असो, मुख्याध्यापक, देणगीदार किंवा समितीचा सदस्य, 'याने खर्च किती वाढेल' हे लिहून आल्याशिवाय बदल करायचा नाही. मागच्या वेळी "एवढी एक भिंत हलवा" असे आमच्यातल्याच मंडळींनी तीनदा म्हटले होते.

४) आवक मोजणारा, बिल तपासणारा आणि चेकवर सही करणारा अशी तीन वेगळी माणसे असावीत.

५) दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाच स्तंभांचा तक्ता सूचनाफलकावर लावायचा. चांगला असो वा वाईट.

शेवटच्या नियमाविषयी समितीत बराच वाद झाला. "तूट दिसली तर देणगीदार मागे हटतील," असे काहींचे म्हणणे होते. आम्हाला उलट वाटते. आपला निधी मोठ्या रकमांबरोबरच छोट्या रकमांनी उभा राहतो. निवृत्त शिपाईकाका पेन्शनमधून पाचशे एक रुपये देतात, एखादी आजी नातवाच्या वाढदिवसाचे पैसे पाकिटात घालून पाठवते. या लोकांना इमारतीवर नावाची पाटी नको असते. आपला रुपया कोणत्या भिंतीत गेला हे कळण्याचा हक्क मात्र त्यांना आहे. तूट पहिल्या महिन्यात सांगितली तर ते रागावतील कदाचित, पण बरोबर राहतील. शेवटच्या महिन्यात सांगितली तर पुढच्या वेळी पाकीट येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्यासाठी दोन गणिते देत आहोत.

पहिले : १६ मिलिमीटर व्यासाच्या ३०० मीटर सळईचे वजन किती?

दुसरे : फरशीच्या कामाला २,४०,००० रुपये मंजूर आहेत. निम्मे काम झाले आहे आणि खर्च १,५०,००० झाला आहे. हाच वेग राहिला तर पूर्ण काम किती रुपयांत होईल?

उत्तरे आपापल्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. काम सुरू झाले की आठवी-नववीच्या मुलांच्या एका गटाला दर महिन्याला साइटवर नेऊन, इंजिनियरांच्या देखरेखीखाली एखाद्या भिंतीचे मोजमाप करू द्यावे, असाही आमचा विचार आहे. तुम्ही काढलेला आकडा आणि तक्त्यातला आकडा जुळला तर आनंदच आहे. न जुळला तर जरूर येऊन सांगा, आम्ही पुन्हा टेप लावू.

पालकांपैकी ज्यांना बांधकाम, खरेदी किंवा अशा सॉफ्टवेअरचा अनुभव आहे, त्यांनी महिन्यातून दोन तास समितीला द्यावेत ही विनंती. कार्यालयात आपले नाव नोंदवावे. टेबलांसाठी मुलांना पुन्हा चार वर्षे थांबावे लागू नये, एवढीच इच्छा.

— इमारत समिती